पोटात शिरण्याची कला : रायझोपसरावांना खुले पत्र

रा. रा. रायझोपसराव म्यूकर यांस,
मुक्काम पोस्ट : शिळी भाकरी, ओली भिंत, शेणखत, कुजका पाला, उधन्याच्या रस्त्यावरची धूळ आणि अन्य सर्वत्र.

विषय : आमच्या पोटातील आपल्या अनधिकृत वास्तव्याबाबत.

महोदय,

साष्टांग नमस्कार घालायचं मनात होतं. पण जमिनीला नाक टेकवलं की आपली गाठ पडण्याची शक्यता वाढते, म्हणून उभ्याउभ्याच हात जोडतो.

सुरतेत पत्राला मान आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज या शहराच्या वेशीवर आले, तेव्हा त्यांनीसुद्धा आधी सुभेदार इनायतखानाला निरोप धाडला होता की अमुक अमुक सावकारांना घेऊन बोलणीला ये. खान किल्ल्यात जाऊन बसला, तो भाग वेगळा. पण येणाऱ्याने आगाऊ कळवलं होतं. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेग आला, त्यानेही आपलं नाव लपवलं नाही. बघता बघता टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या आणि माणसं मिळेल त्या गाडीला लटकून गावी निघाली. निदान कशापासून पळायचं ते त्यांना ठाऊक होतं. आपण मात्र पोटात येता तेव्हा ना निरोप, ना नाव. उलट दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगून आत येता. कधी गॅस म्हणून, कधी अल्सर म्हणून, कधी आतड्याच्या रक्तवाहिनीतली गुठळी म्हणून. म्हणून हे पत्र चारचौघांत उघडून वाचतो आहे.

आधी आपल्या थोरवीबद्दल दोन शब्द, नाहीतर आपण म्हणाल या सुरतवाल्यांना माणसाची कदर नाही. अकरावीच्या जीवशास्त्रात पावावरची बुरशी म्हणून आपलं चित्र असतं. मुलं ते पेन्सिलीने काढतात, भागांना नावं देतात आणि विसरतात. आपल्या भाऊबंदांपैकी एक जण इंडोनेशियात सोयाबीन आंबवून टेम्पे बनवतो आणि लोक ते आवडीने खातात. प्रयोगशाळेत आपला वाढीचा वेग असा, की एक-दोन दिवसांत काचेची बशी भरून आपण झाकणाला डोकं लावता. आपल्या घराण्यातल्या दोन शाखांचं बारसं तर भारतातच झालं. एकीचं १९५३ मध्ये मध्य प्रदेशातल्या सागरजवळच्या जंगलाच्या मातीवरून, दुसरीचं १९७९ मध्ये उत्तर भारतातल्या आमराईच्या मातीवरून. म्हणजे आपण परके नव्हेत. भूमिपुत्र या शब्दाचा आपल्याइतका शब्दशः हक्कदार दुसरा कोण?

आणि धडधाकट माणसाशी आपण कसे वागता, तेही कबूल केलं पाहिजे. आम्ही रोज आपले बीजाणू श्वासातून आणि घासातून आत घेतो. आमच्या पांढऱ्या पेशी त्यांचा फडशा पाडतात. आपण तक्रार करत नाही. बलवानाच्या वाटेला न जाण्याचा हा समंजसपणा राजकारणातल्या पुष्कळांना जमलेला नाही.

मग आपण जाता कुणाकडे? ज्याची साखर महिनोन्‌महिने चढलेली आहे, त्याच्याकडे. रक्ताच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू आहे आणि पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आहेत, त्याच्याकडे. दुसऱ्याचं मूत्रपिंड आपलंसं व्हावं म्हणून जो रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतो, त्याच्याकडे. अवयवदानासाठी सुरतचं नाव देशभर घेतलं जातं. इथल्या दुःखात बुडालेल्या कुटुंबांनी दिलेली मूत्रपिंडं आणि यकृतं दूरदूरच्या माणसांत आज काम करताहेत. ज्या गोळ्यांमुळे तो दान केलेला अवयव टिकतो, त्याच गोळ्यांमुळे आपल्याला दार किलकिलं मिळतं. आपण त्या दाराचाही मान ठेवता. पूर्ण उघडण्याची वाट बघत नाही.

आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ. त्याचं आतडं कागदासारखं, वजन किलो-दीड किलो. भारतात आपण त्याच्याही पोटात जाता आणि डॉक्टरांना वाटतं, हा अशा बाळांना होणारा आतड्याचा नेहमीचा दाह आहे. इथे माझ्या उपरोधाची धार बोथट होते. आपला पराक्रम इतका लहान असू शकतो, हे लिहितानाच लाज वाटते. लाज मला वाटते, हे लक्षात घ्यावं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेतला मे २०२१ हा आपल्या कीर्तीचा महिना. त्याच्या सुरुवातीलाच सुरतच्या किरण रुग्णालयाने सांगितलं की आपले ५० रुग्ण दाखल आहेत, आणखी ६० उपचारांच्या रांगेत आहेत आणि ७ जणांची दृष्टी गेली आहे. २० मेला गुजरात सरकारने आपल्याला, ‘म्यूकरमायकोसिस’ या नावाने, साथरोग कायद्याखाली घेतलं. कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला. जुलैच्या मध्यापर्यंत देशातली नोंद ४५ हजारांवर गेली आणि मृत्यू ४ हजारांवर. महाराष्ट्र पहिला, गुजरात दुसरा. लिंबायत, नवागाम, डिंडोलीत अर्धं आयुष्य घालवलेल्या आम्हा खानदेशी माणसांना या दोन राज्यांपैकी आपलं कोणतं, हे अजून नीट ठरवता आलेलं नाही. आपण दोन्ही आपली मानलीत. मोठं मन लागतं.

पण ती सगळी प्रसिद्धी नाकाची होती, डोळ्याची होती, टाळूची होती. चेहरा काळा पडतो, सुजतो, कॅमेऱ्याला दिसतो. पोटातल्या मुक्कामाची बातमी त्याच मे महिन्यात दिल्लीहून आली आणि आतल्या पानात गेली. सर गंगाराम रुग्णालयातल्या दोन रुग्णांच्या लहान आतड्याला छिद्र पडलं होतं. दोघांनाही कोविड झालेला, दोघांनाही मधुमेह. तक्रार काय, तर पोट दुखतं. काढलेल्या आतड्याच्या तुकड्यात आपण सापडलात. साथीत ज्यांच्या पोटाचं दुखणं कुणी उघडून बघितलंच नाही, ते कुठल्या खात्यात मांडले गेले, हे आपल्याला विचारण्यात अर्थ नाही. आपण हिशेब ठेवत नाही.

आता आपल्या कामाच्या पद्धतीकडे वळू, कारण कारागिरीबद्दल सुरतेला आदर आहे. आपण मांस कुरतडत बसत नाही. आपले रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटणारे तंतू थेट रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात. आत गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि जठराचा किंवा आतड्याचा तो भाग जागच्या जागी मरतो, काळा पडतो. मेलेल्या भागात रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. आपण स्वतःभोवती असा बंदोबस्त करून घेता, की शिरेतून दिलेलं सर्वांत महाग औषधही उंबऱ्यावरून परत फिरावं. मग भिंत झिरपते किंवा फुटते, पोटाच्या पोकळीत घाण पसरते आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे धावाधाव सुरू होते.

खरी युक्ती मात्र त्याच्याही आधीची आहे आणि ती आपली स्वतःची नाही. आतडं फुटलं की माणूस किंचाळतो. पोट लाकडासारखं कडक होतं, हात लावू देत नाही, ताप चढतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. नवशिका डॉक्टरही ओळखतो. पण हा सगळा आरडाओरडा करते कोण? आमची प्रतिकारशक्ती. दाह म्हणजे तिचाच आवाज. ती स्टेरॉइडने दाबलेली असेल किंवा केमोथेरपीने झोपवलेली असेल, तर आतडं फुटूनही पोट मऊ राहतं. ताप येत नाही किंवा जेमतेम येतो. रुग्ण म्हणतो, जरा जड वाटतंय. घरचे म्हणतात, काल लोचो खाल्ला होता ना, त्यावर शेव जास्त पडली असेल. ओवा चावायला देतात, हिंगाचं पाणी बेंबीला लावतात, सोड्याची पुडी फसफसवतात. दुसऱ्या दिवशी पित्ताची गोळी, तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या डॉक्टरचं इंजेक्शन. रुग्णाचं शरीर ओरडू शकत नाही आणि आम्ही कान द्यायला तयार नाही. या दोहोंच्या मधल्या शांततेत आपण राहता.

सुरतचं जेवण आणि काशीचं मरण, अशी इथली म्हण आहे. आपण दोन्हींची सोय एकाच गावात केलीत.

रुग्णालयातसुद्धा आपल्याला संशयाचा फायदा मिळतो. कोविडच्या काळात रक्तात गुठळ्या होत होत्या, त्यामुळे काळं पडलेलं आतडं दिसलं की गुठळीचं नाव पुढे यायचं. तो निष्कर्ष चुकीचाही नसायचा. गुठळी असायचीच, तिच्या पोटात कोण बसलंय एवढंच कुणी विचारलेलं नसायचं. सीटी स्कॅनमध्ये सुजलेली भिंत दिसते, आपली सही दिसत नाही. बुरशीसाठी रक्ताच्या ज्या दोन चाचण्या नेहमी करतात, त्या आपल्या बाबतीत गप्प बसतात, कारण त्या ज्या पदार्थांचा माग काढतात ते आपल्या अंगावर पुरेसे नसतातच. बुरशीविरुद्ध आधीच औषध चालू आहे, म्हणून निर्धास्त राहावं, तर व्होरिकोनाझोल आपल्या चुलतभावाला, अ‍ॅस्परजिलसला, मारतं आणि आपल्याला वाट मोकळी करून देतं. त्यामुळे पोटातला आपला पत्ता पुष्कळदा शवविच्छेदनाच्या टेबलावरच सापडत आला आहे. १८८५ मध्ये पाल्टाउफ नावाच्या विकृतिशास्त्रज्ञाने आपल्या रोगाचं पहिलं सविस्तर वर्णन छापलं, तेव्हाही रुग्ण आधी गेला होता आणि आपण नंतर सापडलात. आपली ही परंपरा आम्ही निष्ठेने चालू ठेवली आहे.

औषधातून शिरण्याचीही आपल्याला आवड दिसते. स्पेनमधल्या एका अतिदक्षता विभागात रुग्णांच्या जठरात आपण वारंवार सापडू लागलात. शोध घेतला तर घसा तपासायच्या साध्या लाकडी पट्ट्या निघाल्या. नाकातल्या नळीतून द्यायची औषधं त्या पट्ट्यांनी कालवली जात होती आणि लाकडात आपण होता. ही हकीकत २००४ मध्ये छापून आली. हाँगकाँगमध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या आतड्यात आपण उतरलात. माग काढत गेल्यावर एका गोळीतल्या मक्याच्या पिठापाशी वाट थांबली. गोळीला आकार यावा म्हणून घातलेलं पीठ! २०१४ मध्ये अमेरिकेत, कनेटिकट राज्यात, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पोट चांगलं राहावं म्हणून चांगल्या जिवाणूंची पूड दिली. त्या पुडीत आपणही होता. बाळ गेलं. चांगल्यांच्या संगतीत वाईटाने कसं बसावं, हे आपल्याकडून शिकावं.

एक जुनी गोष्ट आपल्याला आठवत असेल. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या रक्तात साठलेलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम काढायला डेफेरॉक्सामिन नावाचं औषध देत असत. आपल्याला वाढायला लोह लागतं आणि शरीर ते सहजासहजी हाती लागू देत नाही. आपण काय केलंत? त्या औषधाने पकडलेलं लोहच उचलून खाल्लंत. मधुमेह बेफाम होऊन रक्त आम्लधर्मी झालं की तेच होतं. बांधून ठेवलेलं लोह सुटतं आणि आपल्या पुढ्यात येतं. आम्ही जेवण वाढतो, आपण नको म्हणत नाही. खानदेशी पाहुणचारात पाहुण्याने नको म्हणायचं नसतं, हे आपल्याला कुणी शिकवलं?

इथवर सगळा दोष आपल्याला दिला. आता जरा आपल्या साथीदारांची नावं घेऊ. खटला चालवायचा तर सगळ्या आरोपींना उभं करावं लागतं.

पहिले आम्ही. कोविडच्या आधीही, चंदीगडच्या पीजीआयमधल्या अरुणालोक चक्रवर्ती यांच्या गटाने अंदाज बांधला होता की भारतात दर दहा लाखांमागे आपले सुमारे १४० रुग्ण असावेत, म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या सत्तरपट आणि वर. हवा दमट आहे, तापी आहे, पावसाळा आहे, हे सगळं खरं. पण सिंगापूरही दमट आहे. आमच्याकडे मात्र वाढलेली साखर म्हणजे पाहुण्यांत सांगायचा मोठेपणा आहे. बारा तासांच्या पाळीत लूमवर उभा राहणारा माणूस साखरेची गोळी पगाराच्या आठवड्यात घेतो आणि पगार संपला की ती बंद करतो. दुकानदार घारी खातो आणि चहात साखर घालत नाही.

दुसरं स्टेरॉइड. त्याला मी नावं ठेवणार नाही, त्याने जीव वाचवले. २०२० मध्ये इंग्लंडच्या चाचणीने दाखवून दिलं होतं की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णाला रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस. एवढं वाक्य. ते आमच्या मोबाइलवर पोचेपर्यंत त्यातला ऑक्सिजन गळला, मग मात्रा गळली, मग दिवस गळले. उरलं फक्त औषधाचं नाव. पहिल्या शिंकेपासून घरबसल्या गोळ्या सुरू झाल्या. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून आपले २८७ रुग्ण मोजले. त्यांत १८७ कोविडशी जोडलेले निघाले आणि स्टेरॉइडचा चुकीचा वापर हे त्यातलं एक ठळक कारण. म्हणजे दुसऱ्या लाटेच्या आधीच आपण दार ठोठावून गेला होता. आम्ही झोपेचं सोंग घेतलं होतं. आणि सांधेदुखीच्या त्या बिननावाच्या पुड्या, ज्या घेतल्या की दोन दिवसांत म्हातारा जिना चढतो? त्यांतल्या कितीकांत स्टेरॉइड दळलेलं असतं. घेणाऱ्याला पत्ताच नसतो की आपण स्टेरॉइड घेतो आहोत. मग डॉक्टरने विचारलं तर तो काय सांगणार?

तिसरे आमचे उद्योगी बंधू. २०२१ च्या त्याच मे महिन्याच्या सुरुवातीला मोरबीच्या पोलिसांनी ओलपाडजवळच्या पिंजरत गावातल्या फार्महाऊसवर धाड घातली, तेव्हा तिथे ग्लुकोज आणि मिठापासून कोविडवरचं ‘रेमडेसिविर’ तयार होत होतं. रायझोपसराव, आपल्याबद्दल एक गोष्ट मात्र मान्य आहे. आपण तरी अस्सल आहात.

आपल्यावरचं औषधही मातीतलंच निघालं, याची मला गंमत वाटते. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९५० च्या दशकात अ‍ॅम्फोटेरिसिन मिळालं. जुन्या रूपात ते रुग्णाला हुडहुडी भरवायचं आणि मूत्रपिंड थकवायचं. आताचं लायपोसोमल रूप सौम्य आहे, पण महाग. किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम धरलं, तर ६० किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या, रोज, आठवडेच्या आठवडे. एकेका कुपीला हजारो रुपये. तेवढ्यानेही भागत नाही. सर्जनला मेलेला भाग कापून काढावाच लागतो आणि तोही लवकर. पोटात पसरलेल्या आपल्या रोगात जुन्या नोंदींमधला मृत्युदर शंभरात ८५ च्या आसपास आहे. त्यातले किती जण आपल्यामुळे गेले आणि किती उशिरामुळे, हे वेगळं काढणं अवघड आहे. बायोप्सीचा अहवाल यायला लागलेला वेळ, ‘सकाळी बघू’ म्हणून गेलेली रात्र, औषधासाठी गावची जमीन गहाण टाकायला गेलेला मुलगा, हे सगळे आपल्या बाजूने लढतात आणि पगार घेत नाहीत.

तेव्हा आपल्याला अटक होईल, हद्दपारी होईल, असली धमकी देत नाही. आपण मातीत होता, राहाल. न्यू सिव्हिल आणि स्मीमेर रुग्णालयांच्या वॉर्डांबाहेरच्या झाडांखालीही आपण आहातच. विनंती एवढीच की पुढच्या वेळी पोटात याल तेव्हा जरा आवाज करून यावं. ते आपल्याला जमणार नसेल, तर आवाजाची व्यवस्था आम्हालाच करावी लागेल. ज्याला साखर आहे, ज्याचं रोपण झालं आहे, ज्याची केमो चालू आहे किंवा ज्याने नुकतंच स्टेरॉइड घेतलं आहे, त्याचं पोट दुखलं तर ओवा डब्यात राहील आणि रिक्षा दारात येईल. पोट मऊ लागलं म्हणून कुणी त्याला घरी पाठवलं, तर घरचे तिथेच बाकड्यावर बसून राहतील.

आपला (तात्पुरताच धडधाकट),
एक सुरतवासी

ता. क. : सर्जन आणि त्यांच्या हाताखालच्या मंडळींसाठी हे जाहीरपणे लिहून ठेवतो, आपण वाचलंत तरी हरकत नाही. काढलेल्या आतड्याचा सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकू नये. अर्धा तुकडा साध्या सलाइनमध्ये, लगेच बुरशीच्या प्रयोगशाळेकडे. फॉर्मलिनमध्ये आपण मरता आणि मग कल्चरमध्ये उगवत नाही. तिथे तो तुकडा वाटूही नये, बारीक कापावा. आपले तंतू नाजूक, वाटले की तुटतात आणि अहवालावर लिहून येतं, ‘बुरशी आढळली नाही’. फॉर्मवर ‘आतडं, छिद्र’ एवढंच लिहून पाठवण्याऐवजी ‘मधुमेह, स्टेरॉइड, म्यूकरचा संशय’ असं लिहावं आणि पॅथॉलॉजिस्टला फोन करावा. त्यांचा नंबर वॉर्डातल्या भिंतीवर चिकटवलेला असतो, बहुधा कॅलेंडरच्या मागे.